पहिला एमआरआय आणि भीतीने पोटात येणारा गोळा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतरांनाही उत्तर नीट लागेल. वय ४६, घोडबंदर रोडला राहता, शाळेत शिकवता. तीन महिने डोकं दुखतंय म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितलाय आणि शनिवारी सकाळची वेळ मिळालीये. लिफ्टची इतकी भीती की रोज सहा मजले चढून जाता. आता 'त्या नळीत' अर्धा तास कशी पडून राहू या विचाराने झोप उडालीये. यजमान म्हणतात, "एवढं काय त्यात, फोटोच तर काढायचाय." तुम्ही विचारताय की त्याऐवजी सिटी स्कॅन केला तर चालेल का, झोपेची गोळी घेऊन येऊ का, आणि सेंटर कितव्या मजल्यावर असतं.

मी ठाण्यात बावीस वर्षं टेक्निशियन म्हणून स्कॅन काढायचंच काम करते, आधी एक्स-रे, मग सिटी स्कॅन, आता बरीच वर्षं एमआरआय. तुमच्यासारखी भीती घेऊन येणारं माणूस माझ्या टेबलावर जवळपास रोज असतं. त्यात पोलीस असतात, ट्रक चालवणारे असतात, दोन-दोन बाळंतपणं झालेल्या बायका असतात. त्यामुळे लाज वाटण्याचा प्रश्नच नाही. यजमानांवर रागावू नका, पण "त्यात काय एवढं" हे वाक्य घरातल्यांनी शनिवारपर्यंत बंद ठेवावं असं त्यांना माझ्याकडून सांगा. त्याने भीती कमी होत नाही, माणूस ती लपवायला लागतं. आणि लपवलेली भीती नेमकी टेबलावर आडवं झाल्यावर बाहेर येते.

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे. भीती आहे ना, मग ती आधी सांगा. आजच सेंटरला फोन करा आणि सरळ म्हणा, "माझा पहिलाच एमआरआय आहे आणि मला बंद जागेची भीती वाटते." एवढ्याने आमच्या बाजूला बरंच काही बदलतं. आम्ही तुमच्यासाठी जास्त वेळ राखून ठेवतो. आधीच्या पेशंटच्या घाईत तुम्हाला ढकलत नाही. शक्य झालं तर आदल्या दिवशी येऊन मशीन लांबून बघू देतो. त्याच फोनवर आणखी एक विचारा, "मशीनचं तोंड किती सेंटीमीटरचं आहे, ६० की ७०?" जुन्या बऱ्याच मशीनचं ६० असतं, नव्या रुंद मशीनचं ७०. दहा सेंटीमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण खांद्यांना तो फरक लगेच कळतो.

आता नळीविषयी. माझं बालपण डोंबिवलीत गेलं. तेव्हा ठाण्याला येणारी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. बोगदा १९१६ सालचा, लांबी सव्वा किलोमीटरहून थोडी जास्त. गाडी आत शिरली की एकदम काळोख, कानात दडे बसल्यासारखं व्हायचं आणि आवाज इतका की शेजारणीचं बोलणं ऐकू यायचं नाही. लहानपणी मी आईचा पदर घट्ट धरायचे. आई म्हणायची, "अगं, दोन्हीकडून उघडाय तो." एमआरआयची नळीसुद्धा दोन्हीकडून उघडी असते. हे फार जणांना माहीत नसतं, त्यांच्या डोक्यात कपाटासारखं किंवा पेटीसारखं काहीतरी असतं. नळीत दिवा असतो, हवा खेळती ठेवायला पंखा असतो, आतलं बोलणं आम्हाला माइकवर ऐकू येतं आणि काचेतून तुम्ही आम्हाला पूर्ण वेळ दिसता. शिवाय तुमच्या हातात रबरी फुगा देतात, बीपीच्या यंत्राला असतो तसा. तो दाबला की आमच्याकडे घंटा वाजते. नळीला दार नाही, कुलूप नाही. टेबल सरकवून बाहेर काढायला काही सेकंद लागतात. फुगा हातात आला की आत जायच्या आधीच एकदा दाबून बघा, घंटा वाजल्याचं स्वतःच्या कानांनी ऐका. हे मी प्रत्येक घाबरलेल्या पेशंटकडून करून घेते. "थांबवणं माझ्या हातात आहे" हे नुसतं ऐकणं आणि करून बघणं, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मेंदूच्या एमआरआयमध्ये डोक्यावर एक कॉइल बसवतात, क्रिकेटच्या हेल्मेटच्या जाळीसारखी दिसते. मेंदूतून जो सिग्नल येतो तो हीच झेलते, म्हणून ती चेहऱ्याच्या जवळ असावी लागते. माझा अनुभव असा आहे की माणसं नळीत शिरताना जेवढी घाबरत नाहीत तेवढी ही जाळी 'टक्' करून बसते तेव्हा घाबरतात. म्हणून डोळे त्या आधी मिटा. आत गेल्यावर मिटू असं ठरवू नका. डोळ्यांवर ठेवायला घडी केलेला स्वच्छ हातरुमाल मागा, आणि टेबल पूर्ण बाहेर आल्याशिवाय डोळे उघडायचेच नाहीत असं ठरवून टाका. तुमच्या मेंदूला नळी दिसलीच नाही तर ती किती जवळ आहे याचा हिशोब तो करणार नाही. काहींचं उलट असतं, त्यांना डोळे मिटले की जास्त गुदमरतं. तुम्ही तशा असाल तर कॉइलवर आरसा लावता येतो का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी तो असतो. त्यातून स्वतःची पावलं आणि पलीकडची खोली दिसते.

आवाजाबद्दल आधीच सांगून ठेवते, कारण कुणी सांगितलेलं नसलं की त्यानेच दचकायला होतं. खोलीत शिरताच एक बारीक, एका लयीतला 'चिक-चिक' ऐकू येईल. तो पेशंट नसतानाही चालू असतो. आतल्या चुंबकाची वेटोळी द्रवरूप हीलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेली असतात, त्या थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचा हा आवाज. मग स्कॅन सुरू झाला की ठकठक, घरघर, कधी रस्त्यावर ड्रिल चालावं तसा, कधी भोंग्यासारखा. मशीन बिघडलेलं नसतं. जोरदार चुंबकीय क्षेत्रात काही वेटोळ्यांमधला वीजप्रवाह क्षणाक्षणाला चालू-बंद होतो, त्या वेटोळ्यांना झटके बसतात आणि ती थरथरतात. ढोलाचं कातडं थरथरतं तसंच ते. कानात बोळे आणि वर हेडफोन देतात, दोन्ही घ्या.

आणि आवाज मधेच थांबतो, तेव्हाही घाबरू नका. मला वाटतं आवाजापेक्षा ही शांतताच जास्त त्रास देते. माणसाला वाटतं, सगळे मला सोडून चहाला गेले की काय. स्कॅन एकसलग नसतो, दोन ते सहा मिनिटांचे तुकडे असतात, आणि दोन तुकड्यांच्या मधे मशीन पुढची तयारी करतं. टेक्निशियनला आधीच सांगून ठेवा, "प्रत्येक वेळी किती मिनिटं ते मला सांगा." मग हेडफोनमध्ये आवाज येईल, "आता चार मिनिटं हं ताई." चार मिनिटं काढणं कुणालाही जमतं. अर्धा तास म्हटलं की डोंगर वाटतो.

वेळेच्या बाबतीत एक चूक मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंना धीर द्यायला म्हणून मी "दहाच मिनिटं" असं सांगून आत पाठवलं. स्कॅन पंचवीस मिनिटांचा होता. त्या मनात सेकंद मोजत होत्या. दहा मिनिटं झाली, मी काही बोलले नाही, आणि बाराव्या मिनिटाला त्यांनी आतून जी किंकाळी मारली ती माझ्या अजून कानात आहे. बाहेर काढलं तर चेहरा पांढराफटक, हात थंडगार. त्या मशीनला घाबरल्या नव्हत्या. दिलेला शब्द मी मोडला होता, आणि त्यांना वाटलं आत काहीतरी भयंकर बिघडलंय. त्यानंतर मी कुणालाही वेळ कमी करून सांगितलेली नाही. म्हणून तुम्हाला खरी वेळ सांगते. मेंदूचा साधा एमआरआय साधारण वीस ते तीस मिनिटांचा. शिरेतून कॉन्ट्रास्टचं, म्हणजे चित्रात काही भाग उठून दिसावा म्हणून देतात त्या औषधाचं, इंजेक्शन द्यायचं असेल तर पंचेचाळीस मिनिटांपर्यंत धरून चला.

जगातला माणसाच्या छातीचा पहिला एमआरआय न्यूयॉर्कमध्ये ३ जुलै १९७७ रोजी झाला, त्याला ४ तास ४५ मिनिटं लागली. यंत्र बनवणारे डॉक्टर रेमंड दमाडियन आधी स्वतः आत बसले, पण चित्र काही मिळेना. मग त्यांचा सडपातळ सहकारी बसला. इतका वेळ काढून हातात आलं काय, तर छातीच्या एका आडव्या छेदाचं ओबडधोबड चित्र. हे मी पेशंटना मुद्दाम सांगते. पहिला माणूसही असाच काळजात धाकधूक घेऊन बसला असणार, आणि त्याला तर आत काय होईल हे सांगणारंही कुणी नव्हतं.

आत पडल्यावर मनाचं काय करायचं? श्वासाचं तंत्र साधं आहे. चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. बाहेर सोडणं लांब असलं पाहिजे, धडधड त्याने उतरते. मात्र छाती फार मोठी फुगवू नका, डोकं हलतं. मनाला काम हवंच. कुणी रामरक्षा म्हणतं, कुणी हरिपाठ. मनातल्या मनात, ओठ न हलवता. आमच्याकडे कोपरीचे एक आजोबा आले होते, ते म्हणाले, "मी तलावपाळीला चार फेऱ्या मारून आलो." कोपिनेश्वराच्या दारापासून निघाले, भेळवाला, बोटिंगचा धक्का, गडकरी रंगायतन, बाकावर बसलेले मित्र, सगळं क्रमाने. एक मुलगी रोज ट्रान्स-हार्बर लोकलने जाणारी होती, तिने ठाण्यापासून पनवेलपर्यंतची स्टेशनं म्हटली, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, आणि प्रत्येक स्टेशनावर कोण चढतं, कोण उतरतं तेही. तुम्ही शिक्षिका आहात, वर्गाचा हजेरीपट म्हणा. पहिल्या बाकापासून एकेक मूल, त्याचं अक्षर कसं, ते कुठे बसतं, डब्यात काय आणतं. नुसतं "काही विचार करायचा नाही" असं ठरवलं तर पाच सेकंदही टिकत नाही.

याची घरी तालीम करा. हे माझं आवडतं औषध. डायनिंग टेबलाखाली सतरंजी घाला, उताणं झोपा, डोळ्यांवर रुमाल, हात शरीराच्या बाजूला. मोबाईलवर एमआरआयचा आवाज शोधून लावा, कानाला सोसेल एवढाच. आज पाच मिनिटं, उद्या दहा, शुक्रवारी वीस. पहिल्या दिवशी धडधडेल, उठावंसं वाटेल. अगदीच अशक्य झालं तर उठा, पण थोड्या वेळाने पुन्हा आडव्या व्हा. शनिवारी तो आवाज तुमच्या ओळखीचा असेल.

आता तुमच्या सिटी स्कॅनच्या प्रश्नाकडे येते. सिटीचं मशीन मोठ्या मेदूवड्यासारखं, आखूड कडं असतं, काम काही मिनिटांत होतं, त्यात कोंडल्यासारखं वाटत नाही. पण सिटी आणि एमआरआय एकाला दुसरा पर्याय नाहीत. ताजा रक्तस्राव, हाडाला मार लागलेला असेल तर सिटी चटकन दाखवतो. मेंदूचा नाजूक भाग, शिरा, बारीक सूज एमआरआयमध्ये जास्त चांगली दिसते. डॉक्टरांनी एमआरआय लिहिलाय तर काहीतरी शोधायचं ठरवूनच लिहिलाय. बदलायचं असेल तर त्यांच्याशी बोला, आपल्या मनाने नाही. रेडिएशनची भीती असेल तर ती एमआरआयमध्ये धरूच नका, त्यात क्ष-किरण नसतातच. सिटीमध्ये असतात. डोक्याच्या सिटीचा डोस साधारण २ मिलिसीव्हर्ट. आपण सगळे नुसते पृथ्वीवर राहून वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट निसर्गातूनच घेतो.

गोळीबद्दल. शेजारणीची झोपेची गोळी घेऊन येऊ नका, एवढं हात जोडून सांगते. पण तुमच्या डॉक्टरांना विचारायला अजिबात संकोच नको. ते हलकी गोळी लिहून देऊ शकतात, किती आणि किती वाजता घ्यायची तेही सांगतात. गोळी घेतलीत तर सोबत कुणीतरी हवंच आणि त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही. अगदीच नाही जमलं तर भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली झोपवूनही स्कॅन करता येतो, मात्र त्यासाठी उपाशी राहावं लागतं आणि वेळ वेगळी घ्यावी लागते. गोळी घेऊन स्कॅन केला म्हणजे आपण हरलो, असं काही नसतं.

सेंटरवर पोचलात की लांबलचक फॉर्म मिळेल आणि तेच प्रश्न दोनदा-तीनदा विचारतील. पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप बसवलीये का, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून बसवलेलं यंत्र, आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, गरोदर आहात का. याचा वैताग करू नका. चुंबक कायम चालू असतं, स्कॅन नसतानाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एमआरआयच्या खोलीत नेलेल्या लोखंडी ऑक्सिजन सिलिंडरमुळे एका माणसाचा जीव गेला. तेव्हापासून माझ्या मनात तर हे प्रश्न आणखी पक्के झालेत. वागळे इस्टेटमधले एक लेथवर काम करणारे काका आले होते. "डोळ्यात कण?" विचारलं तर "नाही" म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं, तरी नाही. तिसऱ्यांदा थोडं थांबून म्हणाले, "पंधरा वर्षांपूर्वी कीस उडाला होता, काढला होता म्हणा डॉक्टरने." आधी डोळ्यांचा एक्स-रे केला, तो स्वच्छ निघाला, मगच आत घेतलं. एक बारीक कण जागचा हलला असता तर डोळ्याला इजा झाली असती.

तुम्ही अंगावरचं सगळं घरीच काढून या. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, कानातलं, चमकी, केसांच्या पिना. पदराला किंवा बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन बायका हमखास विसरतात. कमरेची काळी दोरी आणि त्यातला ताईतसुद्धा. यजमान खोलीत सोबत थांबणार असतील तर त्यांचीही तीच तपासणी होईल, जानव्याला बांधलेली किल्ली मी कितीतरी वेळा काढून घेतलीये. जरीची साडी नको, जरीत धातूचा धागा असू शकतो. साधा सुती पंजाबी ड्रेस घाला, तरी बहुधा गाऊन देतीलच. काजळ, मस्कारा नको. मंगळसूत्र काढायला मनाला कसंतरी वाटत असेल तर यजमानांच्या हातात द्या, बाहेर आल्या आल्या तेच परत देतील. बऱ्याच बायकांना एवढ्यानेही बरं वाटतं.

एक छोटी गोष्ट. कळव्याच्या एक आजी टेबलावर आडव्या झाल्या आणि त्यांनी छातीशी हात जोडले, देवाला नमस्कार. मी हळूच त्यांचे हात सोडवले, दोन्ही बाजूंना ठेवले आणि मधे चादरीची घडी सरकवली. त्या रागावल्या, "नमस्कारही करू द्यायचा नाही का?" मी त्यांना सांगितलं की त्वचेला त्वचा चिकटली तर शरीरात वीज फिरायला एक वेटोळं तयार होतं आणि तिथे चटका बसू शकतो. म्हणून हात जोडू नका, पायांवर पाय टाकू नका. नमस्कार मनातला चालतो. आत अंग थोडं कोमट वाटू शकतं, ते साहजिक आहे. पण एखाद्या जागी नेमकं गरम लागलं तर सहन करत बसायचं नाही, फुगा दाबायचा. खोली थंडगार असते, चादर मागून घ्या. आणि जायच्या आधी लघवीला जाऊन या. आत पडल्यावर हटकून लागते.

शेवटी एक वेगळी भीती राहते. माझ्या मते तुमची झोप अर्धी तिनेच उडवलीये. मशीनची भीती अर्ध्या तासाची. रिपोर्टची भीती मात्र तीन महिने तुमच्यासोबत राहतेय आणि तिने नळीचा वेष घेतलाय. या दोन्ही वेगळ्या करा. शनिवारी फक्त चित्र काढायचंय. बाहेर आल्यावर माझ्यासारखीचा चेहरा वाचू नका. आम्ही पुढच्या पेशंटच्या तयारीत असतो, दमलेले असतो, आणि निदान सांगणं आमच्या हातात नाही, ते रेडिओलॉजिस्टचं, म्हणजे चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरांचं, काम. मधेच "अजून एक तुकडा घ्यायचाय" म्हटलं तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की तुम्ही गिळलंत आणि चित्र हललं. कॉन्ट्रास्ट द्यायचं ठरलं तरी लगेच वाईट अर्थ लावू नका, बऱ्याचदा ते डॉक्टरांनी आधीच लिहिलेलं असतं. रिपोर्टचं पाकीट मिळालं की यजमानांकडे द्या. रात्री अकरा वाजता एकेक शब्द मोबाईलवर शोधत बसू नका. त्यातले बरेच शब्द वयाप्रमाणे होणाऱ्या बदलांचे असतात आणि वाचायला मात्र भयंकर वाटतात. डॉक्टरांसमोरच उघडा.

राहिला मजल्याचा प्रश्न. एमआरआयचं मशीन काही टनांचं असतं, म्हणून ते बहुतेक ठिकाणी तळमजल्यावर नाहीतर तळघरात बसवलेलं असतं. लिफ्टची गरज सहसा पडत नाही. तरी फोनवर विचारून घ्या. जिना चढावा-उतरावा लागला तर पंधरा मिनिटं आधी या आणि बाकावर बसून धाप पुरती शमू द्या, मगच तुमचं नाव पुकारायला सांगा.